मिरचीच्या पथारीवरचा धाविक

आमच्या ह्यांना पक्ष्यांचं वेड लागलं ते निवृत्तीनंतर. त्याआधी पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात काट्यावर होते, उसाच्या गाड्यांचं वजन करायचे. माणूस काट्यावरून उतरला तरी मोजायची खोड काही उतरत नाही. नंदुरबारला घर बांधून राहायला आलो, मोजायला काही उरलं नाही, तेव्हा ह्यांनी आकाशाकडे मान वर केली. मला वाटलं, चला, आता तरी देव आठवला. तर हे तारेवरचे होले मोजत होते.

मग दुर्बीण आली, टोपी आली, खिशांचं जाकीट आलं. त्या जाकिटाला इतके खिसे, की चष्मा कुठल्या खिशात आहे हे सापडेपर्यंत पक्षी गुजरातेत पोचलेला असायचा. बरं, साध्या पक्ष्यांवर ह्यांचं भागेना. साळुंकी दिसली की रोजची डाळ ताटात पडल्यासारखं तोंड करायचे. ह्यांना हवा होता चुकलेला पक्षी. म्हणजे जो मुळात इकडचा नाही, आणि असला तरी या महिन्यातला नाही.

"आपला हा कोरडा पट्टा म्हणजे वाळवंटाचं अंगण आहे," हे म्हणायचे. "कच्छातला, राजस्थानातला एखादा पक्षी वाट चुकून इकडे यायलाच हवा."

"अंगण असेल तर झाडायचं कोणी, ते आधी ठरवा," मी म्हणायची. राजस्थानातून आलेले मी तरी आजवर बाजारपेठेतले दुकानदारच पाहिले होते, आणि त्यांच्यातलं कोणीही वाट चुकून आलेलं नव्हतं.

अशा पक्ष्याची नोंद खरी की खोटी हे ठरवायला मोठ्या शहरात एक समिती असते, हे मला ह्यांच्यामुळे कळलं. आपण मोबाइलवरून फोटो पाठवायचा, कुठे पाहिला, केव्हा पाहिला, सोबत कोण होतं ते लिहायचं. मग समिती विचार करते. समितीला पटलं तर यादीत पक्ष्यापुढे पाहणाऱ्याचं नाव लागतं, आणि ते कायमचं राहतं. ह्यांना तेवढंच हवं होतं. "जन्मभर दुसऱ्यांच्या नावाच्या पावत्या फाडल्या," हे एकदा जेवता जेवता म्हणाले, "एका ठिकाणी आपलं नाव लागावं." एरवी मी ह्यांच्या प्रत्येक वाक्याला टोमणा मारते, पण तेव्हा मारला नाही. नुसती भाकरी वाढली.

पण नशीब असं, की सुरुवातच हसं होण्यानं झाली. आमच्या गावाबाहेर मोकळ्या रानात ओली लाल मिरची वाळत घालतात, त्याला पथारी म्हणतात. हिवाळा सुरू झाला की नजर जाईल तिथवर जमीन लालभडक. गेल्या हिवाळ्यात तिथे ह्यांना एक पक्षी दिसला. लांब पाय, लांब मान, रंग गुलाबी. "रोहित! फ्लेमिंगो!" म्हणून हे ओरडले, आणि समितीला नोंद धाडून मोकळे झाले. दुपारी तोच रोहित आमच्या घरामागच्या नाल्यात उतरला, अंघोळ केली, आणि पांढराशुभ्र होऊन बाहेर आला. बगळा होता. मिरचीच्या भुकटीत लोळला होता का कोणी त्याच्यावर पाटी झटकली होती, देव जाणे. समितीचं एका ओळीचं उत्तर आलं: "बगळा. निरीक्षण काळजीपूर्वक करावे." गल्लीत मात्र हे गुलाबी बगळेवाले काका झाले ते झालेच.

एप्रिलमध्ये मी वर्षाच्या तिखटाची मिरची घ्यायला पथारीवर गेले. हे पिशवी धरायला सोबत होते, म्हणजे पिशवी माझ्या हातात आणि दुर्बीण ह्यांच्या गळ्यात. हंगाम संपत आला होता, कडेकडेची मिरची बायका गोळा करत होत्या. तिथे पथारीच्या काठावर एक पक्षी पळत होता. शाळेत साहेब तपासणीला आल्यावर शिपाई जसा पळतो, थबकतो, ताठ उभा राहतो आणि पुन्हा पळतो, अगदी तसा. ह्यांनी माझा हात धरून मला थांबवलं.

"धाविक," हे कुजबुजले. "पण आपल्याकडचा नाही. आपला तांबूस असतो. हा बघ, वाळूच्या रंगाचा. वाळवंटातला आहे हा. आणि एप्रिलमध्ये!"

मी पाहिला. वाळूच्याच रंगाचा होता, आणि त्या लाल जमिनीवर इतका स्वच्छ दिसत होता की बगळ्याचा संशय घ्यायला जागा नव्हती. ह्यांनी कॅमेरा उचलला, बटण दाबलं, आणि नेमका त्याच क्षणी ह्यांना ठसका लागला. पथारीवर ठसका लागणं हे काही नवल नाही, न लागणं नवल. पण फोटोत पक्ष्याच्या जागी एक पुसट रेघ आली आणि खाली भडक लाल जमीन.

तरी नोंद पाठवली. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एका साहेबांचा मला फोन आला, कारण सोबत पाहणारी मी होते.

"तुम्ही स्वतः पाहिला?"

"हो, पाहिला की."

"कोणासोबत होतात?"

"ह्यांच्यासोबत."

"ह्यांच्या म्हणजे कोणाच्या?"

"अहो, आमच्या ह्यांच्या!"

"त्यांचं नाव सांगा ना. नोंदीसाठी लागतं."

आता झाली का पंचाईत. ह्यांचं नाव मी घेत नाही. माझ्या आईनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही, सासूबाईंनी घेतलं नाही. मी लग्नात एकदा घेतलं, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून, उखाण्यात. बँकेत विचारलं तर आधार कार्ड पुढे सरकवते, दवाखान्यात विचारलं तर ह्यांनाच पुढे सरकवते. फोनवर काय सरकवणार? उखाणा घ्यावा म्हटलं तर धाविकाला यमक सुचेना. मी म्हटलं, "तुमच्याकडे लिहिलेलं असेल ना, तेच." साहेबांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

उत्तर आलं. जमिनीचा रंग अनैसर्गिक असून छायाचित्रात फेरफार झाल्याची शंका येते. तसेच दुसऱ्या निरीक्षकाला आपण कोणासोबत होतो हे सांगता आले नाही.

मला आधी हसू फुटलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि छत्रीच्या खुंटीला टांगली. चिडले नाहीत. चहा समोर ठेवला तर तो गार होईपर्यंत तसेच बसून राहिले. मग मात्र माझं डोकं फिरलं. ह्यांना हसायचा हक्क माझा, तो मी कोणा समितीला दिलेला नव्हता. मीच फोन लावला. "साहेब, जमिनीला रंग आम्ही नाही दिला. ती मिरची आहे. तुमच्या भाजीत पडते तीच. या आणि डोळ्यांनी बघा."

साहेब आले, हे मान्य करावं लागेल. शिष्ट होता माणूस, पण आला. ह्यांच्यापेक्षाही जास्त खिशांचं जाकीट घालून आला. धाविक अजून तिथेच होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत आपण नामंजूर झालोय ते. साहेब पथारीच्या काठाशी गेले, दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि वारा फिरला.

आधी एक शिंक, मग दहा. मग डोळ्यांतून धारा. साहेबांनी डोळे चोळले, आणि ते हात आधी मिरचीला लागलेले होते. जे होऊ नये ते झालं.

"ओ दादा, डोया चोयू नका!" काम करणारी एक बाई ओरडली. "आखो आग व्हई!"

"कुठे आहे पक्षी?" साहेब रडत विचारत होते.

"ते दखा, तठे उभी शे," बाई म्हणाली. "टिटवी शे."

झालं. आमची साक्षीदार, तिनं टिटवी केली. हे कपाळाला हात लावून उभे. धाविक आमच्यापासून पाच-सहा हातांवर ताठ उभा, आणि साहेबांना लाल रंगापलीकडे काही दिसत नव्हतं. पाण्यानं डोळे धुतले तोवर तो पळत पळत पलीकडच्या नांगरटीत गेला आणि उडाला. पुन्हा काही आला नाही.

"मी पाहिला असं मी लिहू शकत नाही," साहेब रुमालाआडून म्हणाले. खोटं बोलले नाहीत, त्यांचंही चूक नव्हतं. "जमिनीचं मात्र पटलं मला. आता फक्त तुमची साक्ष उरते, ताई. सांगा, कोणी पाहिला? कोणासोबत पाहिला?"

हे म्हणाले, "जाऊ द्या हो साहेब. ती नाव नाही घेणार." आणि जाकिटाचे खिसे चाचपत दुसरीकडे बघायला लागले. काही शोधत नव्हते, मला माहीत आहे.

मी नाव घेतलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मोठ्यानं, सगळ्या पथारीला ऐकू जाईल असं. "ह्यांनी पाहिला," मी म्हटलं, "आणि मी ह्यांच्या शेजारी उभी होते. लिहा."

बायकांचे हात थांबले. "ओ माय, काकूनी नाव लिधं!" ती टिटवीवाली म्हणाली, आणि सगळ्या हसत सुटल्या. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीनं वाहतंय म्हणाले. इतक्या वर्षांत पथारीवर ह्यांना ठसका लागतो, शिंका येतात, डोळ्यांना कधी पाणी आलेलं मी पाहिलेलं नाही.

नोंद मान्य झाली. "संभाव्य" असा एक शेपटीचा शब्द मागे आहे, पण यादीत आहे. आणि नाव चुकलंय. जन्मभर जपलेलं नाव मी एकदा उघड्यावर घेतलं, आणि त्या शहाण्यांनी आडनावात एक अक्षर चुकवलं. मी म्हटलं, फोन लावते, चांगली झाडते. ह्यांनी माझ्या हातून फोन काढून घेतला.

"राहू दे," हे म्हणाले. "बरोबर नाव मी ऐकलंय."