सामानापाशी ताई

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि ती तर त्या दिवशी माझ्यासोबतच होती.

शांताताई माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी लहान होतो. पारशिवनीजवळच्या आमच्या गावात ताईनंच मला वाढवलं. तिची शाळा सुटली, माझी चालू राहिली. पुढे मी नागपुरात शिकलो, मिहानमधल्या एका कंपनीत लागलो, फ्लॅट घेतला. ताई गावातच राहिली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. माझ्याकडे तिनं कधी काही मागितलं नाही. एकदाच म्हणाली, "अनिल, मले एकडाव समुद्र पाहाचा हाये गा."

म्हणून तिला नेलं. ऑफिसातले दोघे सहकारी, त्यांच्या बायका, आम्ही दोघं आणि ताई. कोल्हापूर करून आम्ही सकाळच्या एसटीनं कोकणातल्या किनाऱ्यावरच्या एका गावी उतरलो. संध्याकाळी परतायचं होतं, म्हणून लॉज घेतला नव्हता. सामान कुठंतरी ठेवायचं, दिवसभर फिरायचं. आधी किनारा, मग होडीनं समोरचा किल्ला.

आता कसं सांगू? कोल्हापूरपासूनच मला ताईची लाज वाटू लागली होती. हो — लाजच. ती हॉटेलात मोठ्यानं बोलायची. वेटरला विचारायची, "काहून गा, भाकर नाही काय?" सहकाऱ्यांच्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. वाईट मनानं हसायच्या का? बहुतेक नाही. पण त्यांच्यासमोर मी ताईशीसुद्धा पुस्तकी मराठीत बोलायला लागलो. ती आधी बिचकली, मग गप्पच राहू लागली. तेही मला दिसत होतं.

सामानाची काही सोय आहे का बघायला मी एकटाच गेलो. स्टँडच्या मागच्या बाजूला खोली होती. उघडी होती. आतला माणूस म्हणाला, "घेऊन या, जागा आहे." मी परत आलो आणि म्हणालो — खोली बंद आहे. कुणाला तरी सामानापाशी थांबावं लागेल.

ताईकडे मी पाहिलंही नाही. कोण बोलणार ते मला ठाऊक होतं.

"मी बसतो ना इथं," ताई म्हणाली. "तुमी जा. मी मंग पाहीन."

बायको म्हणाली, आळीपाळीनं थांबू. मी म्हणालो, होडी चुकेल.

दिवस छान गेला. लिहिताना हात अडतो, पण छानच गेला. किल्ला पाहिला, मासे खाल्ले, फोटो काढले. परतायला उशीर झाला — की मी केला? ताई स्टँडच्या बाकावर बॅगांच्या मधोमध बसलेली, एका बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. आम्ही आल्याबरोबर तिनं माझ्या बायकोला हळूच विचारलं, बाथरूम कुठं आहे. दिवसभर ती जागेवरून उठली नव्हती. तेवढ्यात गाडी लागली. गाडी घाटाकडे वळली. खिडकीतूनही समुद्र कुठंच दिसला नाही.

तिला कळलं होतं का? खोली तिच्या बाकापासून फार लांब नव्हती. लोक बॅगा घेऊन तिकडे जात असणार, मोकळ्या हातांनी परतत असणार. तिनं मला कधी विचारलं नाही. मीही तिला पुन्हा समुद्रावर नेलं नाही. नेलं असतं तर त्या दिवसाबद्दल बोलावं लागलं असतं. हळूहळू गावाला जाणंच कमी केलं. फोनवर ती जेवलास का विचारायची, मी कामात आहे म्हणायचो. तिकडे ती एकटी, इकडे मी — माणसांत असूनही.

गेल्या वर्षी ताई गेली. झोपेतच. गावच्या घरी लोक भेटायला आले. शेजारची म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "लय सांगे ते समुद्राचं. पाण्यात पाय टाकला का खालची रेती सरकते म्हणे. माह्या भावानं दाखवला म्हणे."

रेतीचं ते आम्ही परतीच्या गाडीत एकमेकांना सांगत होतो. ताई पुढच्या सीटवर बसून ऐकत होती.

ओसरीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. बायकोही.

"हो," मी म्हणालो. "लय आवडला होता तिले."