बाळकृष्णरावांचा नेम

बाळकृष्ण खांबेटे विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांच्यातला सरदार जागा झाला. आजोबा मिलमध्ये स्टोअरकीपर होते; पण त्यांच्याही आधीचे कुणीतरी होळकरांच्या घोडदळात होते, असं ते कॉलनीत भेटेल त्याला सांगत.

दसऱ्याच्या शस्त्रपूजेसाठी त्यांनी छऱ्याची एअर रायफल घेतली आणि तिच्यावर बसवायला दुर्बीण. मल्हारगंजातल्या दुकानदाराने बजावलं, "भिया, बसवली की पहिले पुठ्ठ्यावर छरे मारून सेट करा. नाहीतर काचेतली फुली इकडे, छर्रा तिकडे."

"आमच्या रक्तात नेम आहे," बाळकृष्णराव म्हणाले.

घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी दुर्बिणीच्या कड्या आवळल्या, त्याही आधी एकाच बाजूने गच्च. पत्नी सुलोचनाबाई डोकावल्या. "अहो, वाकडी बसलीय."

"तू वाकडी उभी आहेस."

दसऱ्याला कॉलनीच्या मंडळाच्या अंगणात नेमबाजीसाठी मडकं टांगलं होतं. मागच्या भिंतीवर वॉर्डातून निवडून आलेले पार्षद जयेशजी यांचं हसरं बॅनर. बाळकृष्णरावांनी फुली मडक्यावर धरली, श्वास रोखला, चाप ओढला. मडकं तसंच डुलत राहिलं आणि बॅनरवरच्या जयेशजींच्या कपाळाला भोक पडलं.

सगळे हसले, जयेशजी सोडून. कपाळाला भोक म्हणजे हल्ला, आणि हल्ला झाला की संरक्षणाला, आणि मिरवायलाही, सरकारी गनमॅन मिळतो. ते थेट ठाण्यात गेले. मागोमाग बाळकृष्णरावांना रायफलसकट बोलावणं आलं; सुलोचनाबाईही सोबत गेल्या.

"निशाना किस पर था, दादा?" इन्स्पेक्टरनी विचारलं.

मडकं म्हणावं तर अब्रू जाते, कपाळ म्हणावं तर कोठडी. बाळकृष्णराव दुर्बिणीची काच पुसू लागले.

"इतनी दूर से सीधा माथा! हाथ तो पक्का है."

बाळकृष्णराव चक्क लाजले. "आता, घराण्यातच आहे ते..."

सुलोचनाबाईंनी कपाळावर हात मारला. "साहेबजी, हे कचऱ्याच्या गाडीत पिशवी टाकतात, ती ड्रायव्हरच्या अंगावर पडते!"

इन्स्पेक्टरनी ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत भिंतीपुढे डबा ठेवायला लावला. बाळकृष्णरावांनी जीव तोडून नेम धरला. एकेक करून सगळे छरे भिंतीला लागले. डब्याला एकही नाही.

"हमला नहीं है," इन्स्पेक्टर म्हणाले. "इनसे होगा भी नहीं."

जयेशजींचा चेहरा पडला. "मतलब, मुझ पर किसी ने कुछ किया ही नहीं?"

परतताना रिक्षात बाळकृष्णरावांनी रायफल मांडीवर आडवी घेतली. मग घसा खाकरून म्हणाले, "मुद्दाम चुकवले मी."

"कळलं हो मला," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.