सईचा इंटरव्ह्यू आणि माझे शेवटचे दिवस

मी आता थोड्या दिवसांचा सोबती आहे, ही बातमी आमच्या घरात सगळ्यात शेवटी मला कळली. माझ्याआधी ती नागपूरला कळली, डब्लिनला कळली, आणि शेजारच्या ब्रेडाला तर मराठीचं एक अक्षर येत नसताना कळली! मी मात्र घरात लुंगी लावून हिंडत होतो.

आम्ही आयर्लंडमध्ये ॲथलोनला राहतो. मी एका टेलिकॉम कंपनीत टीम लीड आहे. (टीम लीड म्हणजे स्वतः काही न करता दुसऱ्यांना "कुठवर आलं?" असं विचारणारा माणूस.) आमची सई बायोमेडिकल सायन्सच्या शेवटच्या वर्षाला. इकडे आधी एक पदवी पदरात पाडून मग मेडिकलला जाता येतं, आणि सईला तेच करायचं होतं. पोरगी खरंच राबली हो! प्रवेशपरीक्षेला विज्ञान कमी म्हणून की काय, निबंधसुद्धा लिहायचे. शनिवारी म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये जाऊन चहा वाटायचा, त्यांच्या गोष्टी ऐकायच्या. सुट्टीत आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर हर्डीकर यांच्या मागे हॉस्पिटलच्या वॉर्डांतून हिंडायचं. एवढं करून सगळीकडून नकार आले. फक्त इंग्लंडमधल्या एका कॉलेजने इंटरव्ह्यूला बोलावलं, तोही घरी बसून, लॅपटॉपवर. हा हुकला तर पुढचं वर्ष. सई अर्धं ताट तसंच टाकून उठायला लागली.

आता बाप म्हणून मी हातावर हात धरून बसणार? मी प्रोजेक्ट हातात घेतला. आयर्लंडमध्ये स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. आमच्या सगळ्या प्रेसच्या दारांवर मी पिवळ्या चिठ्ठ्या डकवल्या. रोज सकाळी चहाच्या आधी उभ्याने मीटिंग.

"काल काय केलंस? आज काय करणार? अडचण काय आहे?"

"अडचण तू आहेस, बाबा," सई म्हणायची.

मी तेही चिठ्ठीवर लिहून घ्यायचो.

त्यातल्या पाच चिठ्ठ्या अगदी चहासाखरेच्या प्रेसवर, डोळ्यांसमोर होत्या. पेशंटला वाईट बातमी कशी द्यावी, याच्या पायऱ्या. एक, शांतपणे समोर बसा. दोन, त्याला आधीच काय माहीत आहे ते विचारा. तीन, बातमी बरी नाही याची चाहूल द्या. चार, सोप्या शब्दांत सांगा. पाच, गप्प बसा. (पाचवी पायरी आमच्या खानदानात कोणालाच जमलेली नाही.)

गुरुवारी संध्याकाळी या पायऱ्यांची रंगीत तालीम ठेवली. सई डॉक्टर, माझी बायको मंजिरी पेशंटची नातेवाईक, मी परीक्षक. पण मी दर वाक्याला थांबवतो म्हणून दोघींनी मिळून मला बाहेर काढलं आणि मागच्या शेडमधून रिसायकलिंगचा डबा आणायला पाठवलं. मी बाहेर गेलो आणि तिथेच घात झाला.

कारण माझ्या पश्चात (हा शब्द मी जपून वापरतोय) मंजिरीने ठरवलं, की खोट्या पेशंटसाठी तिला रडू येत नाही. "समज, बाबाच पेशंट आहे," ती सईला म्हणाली. आणि सईच्या इंग्लिशमधलं 'सॉरी' इथल्या पद्धतीप्रमाणे विजेच्या खांबालाही मिळत असल्याने, त्याला काही वजन नाही. म्हणून तिने हा सीन मराठीत करायला लावला. नेमकी त्याच वेळी माझी आई गुडघे शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन जिना उतरत होती. आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आली होती. स्वयंपाकघराच्या दाराआडून तिच्या कानावर पडलं ते असं:

"आई, बाबाचे रिपोर्ट आलेत. न्यूज चांगली नाहीये. टाइम थोडा आहे."

"त्याला सांगू नकोस गं, सई! त्याला सोसायचं नाही. तो साधं इंजेक्शन बघून आडवा होतो!"

"पण आई, त्याला कळायला पाहिजे. तो त्याचा राइट आहे."

"नाही म्हणजे नाही! आजीलाही कळता कामा नये!"

मंजिरी पुढे म्हणे अशी काही रडली, की सईलाही रडू आलं. आईने पाण्याची पिशवी पोटाशी धरली, आल्या पावली वर गेली आणि दार लावून घेतलं. सून आणि नात एवढं दुःख गिळून आपल्यापासून लपवतायत, तर आपणही त्यांना कळू द्यायचं नाही, असं त्या माउलीने ठरवलं. सकाळी मात्र तिने नागपूरला आणि हर्डीकरांकडे फोन लावले. आमच्याकडे रीतच आहे तशी. ज्याला रोग त्याला सोडून सगळ्या गावाला सांगायचं, आणि प्रत्येकाला बजावायचं, "त्याले मात्र सांगू नका हं."

शुक्रवारी मी घरूनच काम करत होतो. दुपारी आईने ताटात गोळाभात, म्हणजे आमचा नागपुरी डाळीच्या गोळ्यांचा भात वाढला, वरून हिंग-मोहरीच्या गरम तेलाची धार, आणि धार काही थांबेना! कोलेस्टेरॉलपायी वर्षभर मला उकडलेली भाजी खायला घालणारी मंजिरी ओरडली, "आई, अहो किती तेल!"

"खाऊ दे माय त्याले," आई म्हणाली. "आता कायचं पथ्य?"

मी खाल्ला. तिने मला दुसरा गोळा स्वतःच्या हाताने भरवला आणि पदराने डोळे पुसले. तेल उडालं असेल, असं मला वाटलं.

मग नागपूरहून बंडूदादाचा फोन. हा माझा चुलतभाऊ. त्याच्या मुलाच्या लग्नात मी जेवणाला नावं ठेवली म्हणून तो माझ्याशी बोलत नव्हता. तो फोनवर हुंदके द्यायला लागला.

"शिऱ्या, लहानपणी मास्तरच्या घराची काच मी फोडली होती रे. मार तू खाल्ला. मले माफ कर!"

"अरे, पण आज काय झालं एकदम?"

"काही नाही रे. तू सुखी राहा. म्हणजे... जितकं होईल तितकं."

फोन ठेवतो तर खिडकीतून दिसलं, ब्रेडा माझा कचऱ्याचा डबा ओढत आत आणून ठेवतेय! कुंपणावरून आमचं दोन वर्षं शीतयुद्ध चालू होतं. (आईने तिला कुंपणावरूनच सांगितलं होतं. माझ्या खिडकीकडे बोट, मग आभाळाकडे बोट, मग पदर डोळ्यांना. कुठलीही भाषा लागली नाही.) संध्याकाळी खुद्द डॉक्टर हर्डीकरांचा फोन. मंडळाचं नाटक तेच बसवतात आणि आजवर त्यांनी मला पडदा ओढण्यापलीकडे काही दिलेलं नाही.

"श्रीकांतराव, यंदा प्रमुख भूमिका तुमची."

"अहो, पण नाटक तर गणपतीत ना?"

"ते जरा... लवकर करू म्हणतो," डॉक्टर घसा खाकरून म्हणाले.

आता कुठल्याही शहाण्या माणसाला संशय आला असता. मला आला नाही. मी मंजिरीला म्हणालो, "उशिरा का होईना, लोकांना माझी किंमत कळली!" ती सईच्या ब्लाउजला इस्त्री करत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

शनिवार उजाडला. सई वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली. चेहरा पांढराफटक. "आय'म ग्रँड, बाबा," म्हणाली, म्हणजे इकडच्या भाषेत 'मी ठीक आहे'. मी दाराची बेल काढून ठेवली, सगळ्यांच्या फोनचं वायफाय तोडलं आणि मंजिरीला पहारेकरी म्हणून जिन्यात बसवलं. घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी, अशी शांतता. इंटरव्ह्यू सुरू झाला आणि दारावर टकटक झाली.

दारात हर्डीकर पतिपत्नी. मागे डब्लिनच्या सिटीवेस्टहून दोन गाड्या भरून मंडळाची माणसं. प्रत्येकाच्या हातात स्टीलचा डबा. चपला काढून सगळे मांजराच्या पावलांनी आत आले आणि माझ्याकडे बघत बसले. मागून ब्रेडा आली, चांदीच्या कागदात गुंडाळलेले सँडविच आणि एक कार्ड घेऊन. त्यात माझ्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना सांगितल्याचं लिहिलं होतं.

"ब्रेडा, हे कशाला?"

"आह, यू'र ग्रँड, लव्ह," ती म्हणाली आणि माझा गालगुच्चा घेतला.

मंजिरीने जिन्यातून माझ्याकडे असं बघितलं, की सासरच्या सात पिढ्या जळून जाव्यात. तिला वाटलं, ही जत्रा मीच जमवली. (आजवरचा माझा इतिहास बघता, तिचं चूक नव्हतं.) मला मात्र गहिवरून आलं. माझ्या सईला शुभेच्छा द्यायला एवढी माणसं! मी उभा राहिलो आणि दबक्या आवाजात म्हणालो, "तुम्ही आलात, बरं वाटलं. एवढं पोरीचं मार्गी लागू दे, मग मी डोळे मिटायला मोकळा!"

सोफ्यावर तीन बायका एकदम स्फुंदल्या.

डॉक्टर हर्डीकरांना ते बघवेना. ते मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेले, समोरासमोर खुर्च्या मांडल्या आणि माझा हात हातात घेतला.

"श्रीकांतराव, मी डॉक्टर आहे. पेशंटला अंधारात ठेवणं मला पटत नाही. बातमी बरी नाही."

मी त्यांच्या डोक्यावरून प्रेसकडे बघितलं. बसणं झालं. चाहूल झाली. मधली चिठ्ठी कुठे गेली? माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे सईसाठी सराव करून दाखवतायत! अहाहा, काय हा मोठा माणूस!

"डॉक्टर, दुसरी पायरी गाळलीत," मी म्हणालो. "पेशंटला काय माहीत आहे ते आधी विचारायचं. दहापैकी चार."

डॉक्टर गोंधळले. "बरं... काय माहीत आहे तुम्हाला?"

मी परीक्षक होतो, तसा नटही आहे. लगेच खांदे पाडले, आवाज खोल नेला. "सगळं माहीत आहे, डॉक्टर. थोडे दिवस राहिलेत. घरच्यांना सांगू नका."

डॉक्टरांनी मला मिठीच मारली. मग दार उघडून बाहेरच्यांना म्हणाले, "त्यांना माहीत आहे!"

झालं! जो बांध आदल्या दिवसापासून धरून ठेवला होता, तो फुटला. सगळे एकदम रडायला लागले. आई येऊन माझ्या गळ्यात पडली. "शिऱ्या, माह्या बाळा! तुले कोणी सांगतलं रे?"

"काय, आई?"

"तुह्या जाण्याचं!"

"कोण जातंय?"

"तूच ना रे बाप्पा!"

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. ब्रेडाने छातीवर क्रॉसची खूण केली. आता सांगा, सख्खी आई म्हणते, डॉक्टर म्हणतात, चर्चमध्ये प्रार्थना झाली. एवढी माणसं खोटं कशाला बोलतील? कालचं तेल, बंडूदादा, प्रमुख भूमिका, सगळं लख्ख उमगलं. मी मरणार होतो! आणि माझ्या बायकोने, माझ्या पोरीने मला सांगितलंही नाही! डोळ्यांसमोर अंधारी आली आणि मी डब्यांच्या उतरंडीवर कोसळलो.

त्या आवाजाने ॲथलोनचा पूल हलला असेल. आई किंचाळली, "गेला वो माहा पोट्टा!" सगळे जिन्याकडे धावले, मंजिरीचा पहारा मोडला, आणि वर सईच्या खोलीत एकदम "सई, बाबा!" असा गलका घुसला. सई इंटरव्ह्यूच्या मधोमध होती. ती पॅनलला म्हणाली, "सॉरी, माझे वडील पडलेत, मला जावं लागेल," आणि धावत खाली आली. लॅपटॉप तसाच चालू राहिला.

मला शुद्ध आली तेव्हा माझे पाय खुर्चीवर होते, अंगावर कोणाची तरी उसळ होती आणि सई माझी नाडी बघत होती. "ही'ज ग्रँड. घेरी आली होती. सगळे मागे व्हा." मागे झाले. हर्डीकरसुद्धा!

आई खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. सई तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिच्या त्या मोडक्या मराठीत विचारलं, "आजी, तुला काय माहितीये? मला सांग."

आईने सगळं सांगितलं. जिना, पिशवी, दाराआडचं बोलणं. मंजिरी मटकन खाली बसली.

"आजी, ती प्रॅक्टिस होती. नाटक. बाबाला काही नाही झालेलं."

"माह्यापासून लपवू नको, पोरी."

"नाही लपवत. प्रॉमिस."

मग सई काहीच बोलली नाही. आईचे हात धरून नुसती बसून राहिली. पाचवी पायरी! आमच्या खानदानात पहिल्यांदा कोणालातरी जमली. आई हळूहळू शांत झाली, सईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रडता रडता हसायला लागली. मला जमिनीवर पडल्या पडल्या भरून आलं. ही पोरगी डॉक्टर होणार, मग कॉलेज काहीही म्हणो, असं मला तिथे उसळीत लोळताना कळलं.

ती वर गेली तेव्हा पॅनल अजून स्क्रीनवर होतं. त्यांनी विचारलं, तिने सगळं खरं खरं सांगितलं. म्हणे त्यातली एक बाई हसताना चष्मा काढून डोळे पुसत होती. सईला वाटलं, गेला चान्स. तीन आठवडे घरात कोणी त्या विषयावर बोललं नाही, मीसुद्धा! आणि मग ईमेल आला. सईला प्रवेश मिळाला.

माझं मात्र सगळं गेलं. मी जगणार हे कळल्यावर लोकांनी भराभर हात आखडते घेतले. मंजिरीने तेल बंद केलं. बंडूदादाने फोन करून बजावलं, की ती काच शेवटी मीच फोडली होती. माझा कचऱ्याचा डबा पुन्हा रस्त्यावर लोळायला लागला. प्रमुख भूमिका दुसऱ्याला गेली, पण हर्डीकरांनी मन मोठं करून मला पहिल्या अंकातलं प्रेत दिलं. "तुम्हाला तालीम लागणार नाही," म्हणाले.

तरी मी तालमीला गेलो. चादर ओढून निपचित पडलो. हर्डीकर स्वतः डॉक्टरच्या भूमिकेत आले, माझ्या नाटकातल्या बायकोसमोर बसले आणि थेट म्हणाले, "बातमी बरी नाही." मी खूप सोसलं हो. पण शेवटी उठून बसलोच. "डॉक्टर, दुसरी पायरी!"

आता त्या जागी चादरीखाली लोड ठेवणार आहेत. आणि पडदा ओढायला मी.