चहासाठी केलेला अर्ज

"डिस्फेजिया," डॉक्टर म्हणाले, आणि माझा चहा बंद झाला.

डिस्फेजिया म्हणजे गिळण्याची यंत्रणा बिघडणे. मेंदूला लहानसा झटका आला होता. हातपाय चार दिवसांत ताळ्यावर आले, जीभ त्याहून आधी; घरचे म्हणतात ती बंद पडलीच नव्हती. घसा मात्र नापास झाला. पाणी, ताक, चहा, असं पातळ काही प्यायलो की ते अन्ननलिका सोडून श्वासनळीत उतरण्याची भीती. म्हणून प्रत्येक पेयात थिकनर, म्हणजे घट्ट करायची पावडर.

तो चहा मी प्यायलो आहे. एका कपात आमच्या अख्ख्या समा भागाचे उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, फाटलेले पतंग चिकटले असते.

आणि मी दिवसाला अकरा कप पिणारा माणूस! ही म्हणते, सात. पण ही उठण्याआधीचे चार कोण धरणार?

तीन आठवडे खळ पिऊन झाल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. आमची सून मेघना नर्सिंग कॉलेजात शिकवते. तिनं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "बाबा, हा आमच्या लायब्ररीचा डेटाबेस. नर्सिंगचे, आरोग्याचे लेख आहेत. घरबसल्या उघडतो. शोधा हवं ते, आणि मला पेपर तपासू द्या."

आता आमचं घराणं बडोद्याच्या जुन्या कचेऱ्यांतलं. पणजोबांनी म्हणे एका खोलीसाठी असा अर्ज लिहिला, की वाचता वाचता साहेबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तीन खोल्या दिल्या. जगात मिळण्यासारखं जे आहे ते नीट लिहिलेल्या अर्जानं मिळतं, हे आमचं बाळकडू. मी शोधाच्या चौकटीत इंग्रजीत अर्ज लिहिला. माननीय महोदयांपासून सुरुवात. घराण्याची सेवा, माझी सचोटी, अकरा कप, खळ, हृदय पिळवटणारी विनंती, शेवटी आपला आज्ञाधारक. बटण दाबलं.

शून्य लेख.

मेघनानं येऊन वाचलं आणि ती पोट धरून खालीच बसली. "आई, या इकडे! बाबांनी सर्च बॉक्सला अर्ज केलाय!"

"स्टॅम्प लावायचा राहिला असेल," ही आतून म्हणाली.

"बाबा, तिथं कुणी साहेब नाही बसलेला," डोळे पुसत मेघना म्हणाली. "विशेषणं काढा. गोष्ट काढा. आजार कोणता आणि हवंय काय, तेवढंच. मध्ये 'अँड' घाला."

विशेषणं काढा! मग माझ्यात उरतं काय?

नुसतं 'टी' घातलं, तर चहाच्या मळ्यांपासून हिरड्यांपर्यंत सगळं आलं. मग तिनं सांगितलं तसं घातलं: स्ट्रोक अँड डिस्फेजिया अँड थिन लिक्विड्स. थिन लिक्विड्स म्हणजे पातळ पेयं. डावीकडच्या यादीत 'पूर्ण लेख' यावर खूण केली, जुनी वर्षं गाळली. आणि काय सांगू! दिवाळीच्या आदल्या दिवशी लहरीपुऱ्याच्या बाजारात माणसं नसतील एवढे लेख! प्रत्येकाच्या डोक्यावर ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे सारांश. मी आधी सारांश वाचायचो, पटला तर आत शिरायचो. तीन आठवडे मला वाटत होतं, हा बिघडलेला घसा जगात एकट्या माझ्याच गळ्यात आहे. इथं तर देशोदेशीच्या नर्सबाया त्यावर तावातावानं बोलत होत्या!

घसा कालांतरानं सुधारू शकतो, म्हणून पुन्हा तपासणी करावी, हे सापडलं तेव्हा मी खुर्चीतून हातभर उडालो.

मग पुढच्या लेखात शब्द आला: सायलेंट ॲस्पिरेशन. म्हणजे थेंब फुप्फुसाकडे जातात आणि खोकला येतच नाही. आत जंतू वाढू शकतात, न्यूमोनिया होऊ शकतो.

मी ती ओळ पुन्हा वाचली. चार दिवसांपूर्वी ही दार उघडायला गेली असताना मी हिचा अर्धा कप चहा चोरून प्यायलो होतो. खोकला आला नाही, म्हणून मनातल्या मनात विजय साजरा केला होता. आणि दोन दिवस संध्याकाळी अंगात कसकस होती. ती मी पंख्यावर ढकलली होती.

"मेघना," मी हाक मारली. "चोरून चहा अँड ताप."

या वेळी ती हसली नाही. थर्मामीटर आला, रिक्षा आली. एक्स-रेच्या दाराबाहेर आम्ही तासभर बसलो. हिनं माझं मनगट सोडलं नाही.

"फुप्फुसं स्वच्छ आहेत, ताप साधा आहे," डॉक्टर म्हणाले. "पण खोकला आला नाही म्हणजे नीट गिळलं, असं समजू नका."

दुसऱ्या दिवशी गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या हेतलबेनपुढेही कबुली दिली. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काका, पहेली वार साचुं बोल्या!" पहिल्यांदा खरं बोललात. मग मी चिठ्ठी पुढे केली. एकच ओळ: पुन्हा तपासणीची वेळ झाली का?

झाली होती. पुढच्या आठवड्यात व्हिडिओफ्लुरोस्कोपी, म्हणजे गिळतानाचा एक्स-रे सिनेमा. बेरियम घातलेलं पाणी प्यायचं आणि ते कुठं जातं ते पडद्यावर बघायचं. मान ताठ ठेवून घेतलेल्या घोटातली एक काळी रेघ चुकीच्या नळीत उतरली. मला कळलंसुद्धा नाही! मान खाली घालून घेतलेला घोट मात्र सरळ आपल्या वाटेनं गेला.

"हनुवटी छातीकडे, लहान घोट, घाई नाही," हेतलबेन म्हणाल्या. "एटलुं, एवढं पाळलंत तर चहा. पातळ."

तुमच्यापैकी कुणाचा घसा असा रुसला असेल तर शोधा, जरूर शोधा. घरात मेघना नसेल तर ग्रंथपालाला विचारा. पण सापडलेलं स्वतःवर आजमावू नका. त्याचा प्रश्न करून डॉक्टरांपुढे न्या. आणि चोरी केली असेल तर आधी ती सांगा.

आमच्या घराण्यात कुणी कुणापुढे मान वाकवली नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलो. आता प्रत्येक घोटाला वाकवतो. ही म्हणते, कपाला नमस्कार करता की काय! करतो. कपाला, मेघनाला, हेतलबेनना, आणि त्या न पाहिलेल्या लिहिणाऱ्या बायांना. दिवसातून दोन कप.

हा आकडा खरा आहे. हिला विचारा.