हौशीराम गुळव्याचा डावा हात

भांडगावात हौशीरामला कुणी आडनावानं ओळखत नाही. हौशीराम गुळव्या म्हटलं की हायवेवरचा चहावालासुद्धा बोट करून रस्ता दाखवतो. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावरचा असा माणूस, जो उकळत्या पाकाला हात लावून सांगतो की आता काहील, म्हणजे रसाची भली मोठी कढई, उतरवा. जरा आधी उतरवली तर गूळ चिखलासारखा मऊ राहतो, जरा उशीर झाला तर करपतो. बाकीच्यांनी दिवसभर राबायचं आणि यानं एक शब्द बोलायचा, असं त्याची बायको सिंधूबाई म्हणायची. त्यात खवचटपणा थोडा होता आणि अभिमान बराच.

हा एक शब्द हौशीराम तरुणपणापासून बोलत आला होता. आधी लोकांच्या गुऱ्हाळांवर, मग कॅनॉलशेजारी स्वतःचं छोटं गुऱ्हाळ टाकलं तिथं. त्याचा त्याला तोराही फार होता. पाक दाटू लागला की तो बाह्या सारायचा, उजवा हात गार पाण्याच्या बादलीत बुडवायचा, फळीवर उचललेल्या पाकाची चिमूट घ्यायचा आणि पाण्यात धरून तिची गोळी वळायचा. मग ती काहिलीच्या काठावर आपटायचा. टक्क वाजली की ओरडायचा, "उतरा!" त्या घटकेला कुणी मध्ये बोललेलं त्याला खपत नसे. मंत्र्याच्या सभेतही माणसं इतकी गप्प बसत नसतील.

अशा माणसाला गेल्या उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. शेतात उभ्या उभ्या उजवी बाजू लुळी पडली. दौंडच्या दवाखान्यात वेळेवर पोचला म्हणून वाचला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, व्यायाम रोज करायचा, थोडा करायचा, पण चुकवायचा नाही. हौशीरामला ते अजिबात पटलं नाही. त्याला महिन्याभराचा व्यायाम एका आठवड्यात उरकायचा होता. पहिल्याच दिवशी तो कॅनॉलपर्यंत चालायला निघाला आणि बांधावर बसकण मारली. शेजारच्या दोन पोरांनी धरून घरी आणला. त्यानंतर मात्र सिंधूबाईनं ताबा घेतला. आज कडुलिंबापर्यंत, चार दिवसांनी विहिरीपर्यंत, असं तिनं त्याला चालवलं. हाताला बळ यावं म्हणून रोज सकाळी कणीक मळायला बसवलं. गावानं चेष्टा करून घेतली. गुळव्या आता पोळ्या लाटायचा क्लास काढणार, असं पारावर बोललं जाई. पण भाद्रपद सरेपर्यंत हौशीराम काठीशिवाय हायवेपर्यंत जाऊन येऊ लागला आणि उजव्या मुठीत पाण्यानं भरलेली बादली धरू लागला. घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला.

फक्त एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. हाताला जोर आला होता, पण बोटांना समज आली नव्हती. चहाचा पेला इतरांना धोतराच्या सोग्यात धरावा लागे आणि हा तो तसाच हातात घेऊन बसे. लोक कौतुक करत, काय हात आहे गड्याचा! हौशीराम हसून घेई आणि मनातून घाबरे. डॉक्टरांनी विचारलं, बोटांना गरम-गार कळतं का, तर हा बिनदिक्कत व्हय म्हणाला. कळत नाही असं सांगणार कसं? बोटांवरच तर सगळा संसार उभा होता.

दसऱ्याला काहिलीखालच्या चुलवाणाची पूजा झाली, चरकाला हार पडला आणि हंगामातली पहिली काहील चढली. गावातली चार माणसं आली होती. पाटसकडचे हॉटेलवाले साहेबरावही होते. चांगला माणूस, पण धंद्याला पक्का. भागातली दोन-तीन बंद पडलेली गुऱ्हाळं त्यांनी चालवायला घेतली होती. हौशीरामनं बाह्या सारल्या, हात बुडवला, चिमूट उचलली. बोटांत काहीच नव्हतं. मऊ आहे की चिवट, काही म्हणता काही कळेना. पण चारचौघांत तो ते कसं कबूल करणार? नुसतं डोळ्यांनी बघून तो म्हणाला, "थांबा अजून." पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा म्हणाला, "थांबा." चुलवाणात चिपाडं सारणारा रामसूरत, बिहारकडचा जुना माणूस, नाक वर करून म्हणाला, "चाचा, जल रहा है."

"तुला काय कळतंय? जाळ बघ तुझा!" हौशीराम खेकसला.

तोवर वास सगळ्यांनाच आला होता. काहील उतरवली तेव्हा आतला गूळ डांबरासारखा काळा झाला होता. आणि सिंधूबाईनं त्याचा उजवा हात धरून उलटा केला तेव्हा बोटांच्या टोकांना टरटरून फोड आले होते. हौशीरामला त्याचा पत्ताही नव्हता. त्या क्षणी तिला सगळं कळलं. ती त्याची बोटं पाण्यात धरून उभी राहिली. एवढ्या माणसांत तिला रडू आवरेना.

निघताना साहेबराव बाजूला घेऊन म्हणाले, "आप्पा, वाईट वाटून घेऊ नका. गुऱ्हाळ मला चालवायला द्या. तुमी सावलीत खुर्ची टाकून बसा. नाव तुमचंच राहील."

"संक्रांतीपतुर बघू द्या," हौशीराम कसाबसा म्हणाला.

"बघा की. संक्रांतीला येतोच मी."

आपल्याच गुऱ्हाळावर खुर्ची टाकून बसायचं आणि दुसऱ्याच्या तोंडून "उतरा" ऐकायचं, ही कल्पनाच त्याला सोसवेना. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूबाई कणकेची परात घेऊन आली, तर स्वारी जागेवर नव्हती. हौशीराम चुलवाणापाशी उभा होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "उजव्या बोटांस्नी कळत न्हाई. उन्हाळ्यापासनंच कळत न्हाई. मी लपवलं."

"ते कालच कळलं मला. डाव्याला कळतंय ना?"

"डाव्या हातानं गुळाला हात लावायचा?" तो चमकून म्हणाला. "लोक काय म्हणतील? निवदाचा गूळ असतोय त्यो."

खरी अडचण ही होती. बाकी कुठला माणूस पहिल्याच दिवशी डावा हात पुढे करून मोकळा झाला असता. पण गुळव्यांच्या रीतीत डावा हात पाकाला लागत नाही. त्या रीतीपायी याला फोड आले तरी चालले होते, काहील करपली तरी चालली होती.

"खुरपताना, दूध काढताना दोनी हात चालत्यात तुमाला," सिंधूबाई म्हणाली. "देवाला सांगते मी काय सांगायचं ते. तुमी हात धुवा."

आणि मग सुरू झाली ती एक लांबण. डाव्या हाताला चिमूट धरता येईना. धरली तर गोळी वळता येईना, बादलीत विरघळून जाई. तोवर गुऱ्हाळ बंद ठेवून चालणार नव्हतं. लेक तेजश्री पाबळच्या शाळेत हाताचं काम शिकलेली, आता रांजणगावच्या एका कारखान्यात लागलेली, शिरूरला खोली घेऊन राहायची. सुट्टीच्या दिवशी ती लांब दांडीचा थर्मामीटर घेऊन आली.

हौशीरामनं त्याच्याकडे असं बघितलं, तसं सवतीकडेही कुणी बघत नसेल. "ह्यो सांगनार व्हय मला?"

"आप्पा, त्यो आईला सांगंल. तुमी आधी तुमचं सांगायचं, मग आम्ही आकडा बघू. तुमचा हात शिकस्तवर गूळ तरी चांगला निघंल."

पोरीचं बोलणं सरळ होतं. तसंच ठरलं. रोज प्रत्येक काहिलीला हौशीराम डाव्या हातानं गोळी घेई आणि मोठ्यानं सांगे, कच्चा आहे की आला. मग सिंधूबाई आकडा बघे आणि उतरवायचं ते तीच सांगे. सुरुवातीला तो त्या यंत्राशी भांडायचा. यंत्र बिघडलंय, चिनी दिसतंय, ऊसच यंदा वेगळा आहे, असलं काहीबाही चालायचं. रामसूरत चिपाडांच्या आड तोंड लपवून हसायचा. पण हौशीराम चुकला तरी पुढच्या काहिलीला पुन्हा हात बुडवून तयार असे. पहिले काही दिवस तर सगळीच घोडचूक. मग कधीतरी एखादी गोळी जमून जाई, लगेच पुढच्या दोन फसत. दिवाळीत पाहुणे आले तेव्हाही त्यानं खाडा केला नाही. फराळाचं ताट ठेवून उठला आणि काहिलीपाशी गेला.

इकडे सिंधूबाईनं दुसरंच आरंभलं होतं. मोठ्या ढेपा आडतीवर घालण्याऐवजी ती रोज थोड्या गुळाच्या लहान भेली पाडी आणि हायवेच्या कडेला छपरात मांडून बसे. आधी गाड्या थांबत नव्हत्या. मग रंग उजळायची पावडर न टाकलेला गूळ म्हणून एकानं दुसऱ्याला सांगितलं. मार्गशीर्षात पुण्याच्या गाड्या मुद्दाम वळून येऊ लागल्या. भेली दुपारीच संपल्या की ती छप्पर झाकून परत येई आणि काहीच घडलं नाही अशा चेहऱ्यानं चूल पेटवी.

हौशीरामच्या लक्षात आलं नाही, पण मार्गशीर्ष संपता संपता तो यंत्राशी भांडायचा थांबला होता. कारण भांडायला काही उरलं नव्हतं. तो म्हणे "आला", आणि सिंधूबाई आकडा बघून नुसती मान डोलवी. तरी त्याचा भरवसा बसत नव्हता. यंत्र शेजारी आहे म्हणून जमतंय, साहेबरावांसमोर हात परत मुका झाला तर? संक्रांत जवळ आली तशी त्याची भूक मंदावली.

भोगीच्या दिवशी सकाळीच साहेबरावांची गाडी आली. तेजश्रीही रजा काढून आली होती. काहील उकळत होती, पाकाला मोठे मोठे बुडबुडे धरू लागले होते. हौशीरामनं लेकीला सांगितलं, "त्यो थर्मामीटर आत नेऊन ठिव."

"आप्पा, असू द्या की."

"आत ठिव म्हणतो ना."

त्यानं डाव्या हाताची बाही सारली. साहेबरावांची नजर त्या हाताकडे गेली. हौशीरामनं हात गार पाण्यात बुडवला, फळीवरची चिमूट उचलली. चटका बसला. बरं वाटलं त्याला. गोळी वळली, दाबली. मऊ होती. थांबला. पाकाचा रंग उजळत गेला, वास दाटला. दुसरी चिमूट. बोटांखाली गोळी किंचित दबली आणि पुन्हा उभी राहिली. यावेळी कुणाकडेही न बघता त्यानं ती काठावर आपटली.

"उतरा!"

काहील कलंडली, पाक गूळ थिजवायच्या वाफ्यात पसरला. रामसूरतनं फावड्यानं तो ढवळायला घेतला. आता गूळ धरतो की नाही, हे कळायला थोडा वेळ लागतो आणि त्या वेळात गुळव्याला काही करता येत नाही. हौशीराम दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता. हळूहळू कडेनं दाणा धरू लागला. रंग सोनेरी उतरला. साहेबरावांनी वाकून खडा उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटले.

"झकास. आप्पा, हात हाय का काय हाय!"

हौशीराम त्यांच्याकडे वळला. "मग आता गुऱ्हाळाचं काय ते बोलून घिऊ, साहेबराव. मी काय देनार न्हाई चालवायला."

साहेबराव बघतच राहिले. "गुऱ्हाळाचं काय? मी गूळ न्यायला आलोय. हाटेलातल्या पोरांना संक्रांतीचा वाटायचा. गुऱ्हाळाचं वहिनींनी तवाच न्हाई म्हणून कळवलंय की मला."

हौशीराम सिंधूबाईकडे वळला. ती भेलींना कापड गुंडाळत बसली होती, मान वर न करता.

"कवा कळवलंस?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तुमी सकाळी उठून चुलवाणापाशी जाऊन उभं राहिलात, तवा."

"तवा तर मला चिमूटबी धरता येत नव्हती!"

"व्हय की."

"आन् मग मला सांगितलं का न्हाईस? माझं अन्न ग्वाड लागत न्हाई महिनाभर!"

"सांगितलं असतं तर तुमी निवांत खाटंवर पडला असता," सिंधूबाई म्हणाली. "मला काय म्हाईत न्हाई व्हय तुमचं?"

साहेबराव मोठ्यानं हसले. तेजश्री पदर नसतानाही तोंडावर हात धरून हसली. हौशीरामला आधी राग आला, चांगलाच आला, पण तो धरून ठेवायला अंगात जोरच राहिला नव्हता. दसऱ्यापासून छातीवर जे बसलं होतं ते एकदम उतरलं. तो वाफ्याच्या कडेवर मटकन बसला आणि रडता रडता हसू लागला. सिंधूबाईनं उठून त्याच्या हातात गरम गुळाचा खडा ठेवला.

"खा आता," ती म्हणाली. "आन् लवकर आटपा, दुसरी काहील भरलीय."