झेंड्याच्या खड्ड्यातला दहीभात

राळेगावकडची मुलगी गोल्फ खेळते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "तिकडे गोल्फ कुठून आलं?" तिकडे नाहीच. तिकडे कापूस आहे. गोल्फ नागपुरात होतं. माझा मावसा तिथल्या मैदानावर माळी होता आणि शाळेसाठी मी त्याच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. कुणीतरी टाकून दिलेली एक काठी घेऊन मैदानाच्या कडेला बॉल मारत राहायचे. चांगलं मारायचे. यात उगाच विनय दाखवण्यात अर्थ नाही.

प्रोफेशनल झाले तेव्हा घरी कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. कापसाचे ते फार वाईट दिवस होते. निम्मी बोंडं अळी खायची आणि उरलेल्याला भाव नसायचा. आईने तर सीतादहीही बंद केली होती. सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीच्या आधी वावराला दहीभात देण्याचा आमच्याकडचा रिवाज. आधी वावराने खावं, मग आपण त्याच्या कापसाला हात लावावा. पण आई म्हणायची, "वावरच रुसलं हाये, त्याले काय दही चारू?" आणि मला म्हणाली, "एक वर्स खेळ. नाई जमलं तं वेचणीले घरी ये. मंग पोरगा पाहू."

ते वर्ष मला भोवलंच. काठ्यांची पिशवी घेऊन स्लीपरच्या डब्यातून कुठकुठे गेले आणि हात हलवत परत आले. स्पर्धा तीन दिवसांची असायची, पण तिसऱ्या दिवशी खेळणाऱ्यांत माझं नावच नसायचं. वर्षातली शेवटची स्पर्धा मावश्याच्याच मैदानावर होती. तिथे मात्र मी शेवटच्या दिवसापर्यंत टिकले, तेही दुसऱ्या नंबरवर. माझ्यापुढे पुण्याची एकच मुलगी होती.

आदल्या संध्याकाळी आई यष्टीने आली. तिची पिशवी उघडली तर वरच माझी ओटी. वेचताना कमरेला बांधायचं ते जुनं फडकं, ज्यात कापूस टाकत जायचा. धुऊन, घडी घालून आणलेलं. म्हणजे ही मला न्यायला आली होती! बाजारात तुरी आणि इथे माझी वेचणी ठरली. मला इतका राग आला की मी तिच्याशी धड बोललेही नाही.

सकाळी तोच राग घेऊन मैदानात उतरले. काठी अशी धरली होती, जणू तिचा गळा आवळायचाय. पहिलाच बॉल झाडीत गेला. पुढचे काही गेले ते सांगण्यासारखे नाहीत. पुण्याची मुलगी शांतपणे पुढे पुढे जात राहिली. माझी पिशवी मावसा वाहत होता. तो नुसता मान हलवायचा.

निम्मा खेळ झाला असेल, तेवढ्यात बॅटरीच्या गाडीतून एक टोपीवाला अधिकारी आला. शेवटच्या होलमध्ये कुणीतरी दहीभात भरून ठेवलाय, म्हणाला. आमच्या खूप आधी खेळायला सुटलेल्या एका मुलीने बॉल काढायला हात घातला तर मनगटापर्यंत दही.

"ही खोडी कोणाची? तुला काही माहीत आहे?" त्याने मावश्याला विचारलं.

"नाई साहेब," मावसा म्हणाला आणि आभाळाकडे पाहू लागला.

माझ्या मात्र लगेच लक्षात आलं. शेवटचं होल क्वार्टरच्या दारासमोरच होतं. पहाटे आईला तिथून काय दिसलं असेल? हिरवंगार रान, मधोमध झेंडा, आणि झेंड्याच्या बुडाशी नैवेद्यासाठीच केल्यासारखा गोल खड्डा. आमच्याकडे शेतात झेंडा दिसला की ती देवाची जागा. आईने डबा रिकामा केला असणार आणि हात जोडले असणार.

मला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. मावसाही तोंडावर पंचा धरून हसायला लागला. हसता हसता माझे डोळे भरून आले. घरच्या वावराला जिने इतकी वर्षं दही दिलं नव्हतं, तिने ते माझ्या मैदानाला दिलं होतं. राग कुठल्या कुठे गेला आणि हात सैल पडले.

लहानपणी वेचताना ती ओरडायची, "ओरबाडू नको बोंडाले. ओरबाडलं की वाळल्या पानाची पत्ती येते कापसात." त्या दिवशी मी पुढचा सगळा खेळ न ओरबाडता खेळले. अंतर तुटत गेलं. शेवटच्या होलला आलो तेव्हा आम्ही दोघी बरोबरीत होतो.

होल धुऊनपुसून ठेवलं होतं. दोरीपलीकडे आई उभी होती आणि तिच्या शेजारी वॉचमन, कारण तिच्या डब्याला लागलेलं दही त्याने पाहिलं होतं. पुण्याच्या मुलीचा बॉल होलच्या काठावरून वळून गेला. माझा आठ-दहा हात लांब होता. मी हलकेच मारला. तो सावकाश गेला, काठाशी आला आणि आत पडला. मी जिंकले! मावश्याने पिशवी टाकून दिली आणि मला उचललं.

आई दोरी ओलांडून सरळ त्या टोपीवाल्याकडे गेली. "पाह्यलं ना साहेब? खाल्ल्या अन्नाले जागलं."

कप हातात आल्यावर मी तिला विचारलं, "मी हरली असती तं घरी नेणारच होती ना मले? मंग हे कायले केलं?"

"घरच्या वावराले देल्लं नाई, ते मनाले लागून हाये," ती म्हणाली. "हे तं तुयं वावर. याले उपाशी कशी ठेवू?"

मग तिने पिशवीतून ओटी काढली. सगळ्यांसमोर माझ्या पॅन्टवरून कमरेला बांधली, मागे घट्ट गाठ मारली आणि कप उचलून त्यात टाकला.

"पहिला वेचा हाये. ओटीतच घे."

फोटोवाल्याने ते फडकं काढायला सांगितलं. मी नाही काढलं.