नखाखालचा रंग

तापानं बेशुद्ध होऊन आयसीयूत आलेल्या त्या मावशींच्या नखांवर गुलाबी नेलपॉलिश होतं. मी नर्सिंगची विद्यार्थिनी. नखाखालचा रक्ताचा रंग बघायचा, म्हणून एका बोटाचं पॉलिश रिमूव्हर लावलेल्या कापसानं पुसायला घेतलं.

"पहिल्यांदाच लावलंय तिनं," शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी म्हणाली. "माझ्या साखरपुड्याला. नको नको म्हणत होती, आणि मग दिवसभर स्वतःचेच हात बघत बसली."

मी नख दाबलं आणि सोडलं. दाबल्यावर पांढरं पडलेलं ते नख बराच वेळ पांढरंच राहिलं. रंग आला, पण मन नसल्यासारखा.

"मॅडम, मशीनवर बीपी तर चांगलं दिसतंय ना?"

बीपी चांगलंच होतं. पण मोठ्या रक्तवाहिन्यांतून रक्त नीट वाहत असलं, तरी केसाहून बारीक वाटांनी ते टोकापर्यंत पोचतंच असं नाही. आपणही घरच्यांची खुशाली अशी वरवरच विचारतो बहुतेक. माझ्या आईची नखं कशी आहेत, ते मला आठवेना. भांडी घासणारे हात आठवले, नखं नाही.

"रंग उशिरा येतोय," मी म्हणाले. "डॉक्टरांना सांगते."

"मी बघू?" तिनं माझ्यासारखंच आईचं बोट चिमटीत धरून दाबलं, आणि तशीच धरून राहिली.

रंग दिसायला बोट सोडावं लागतं, हे मला तिला सांगवेना.